सीटखाली मावेल तेवढेच

सर्जेराव माने बॅग घ्यायला दुकानात शिरले, की दुकानदाराने दुपारपर्यंत दुसरी विक्री होणार नाही असे समजून चालावे. ते बॅग उघडून पाहत नसत. रंग पाहत नसत. किंमत तर अगदी शेवटी. रिकामी बॅग एका हातात धरायची, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचा आणि तसेच उभे राहायचे. दुकानदार कातड्याची प्रत सांगे, कुलपांची मजबुती सांगे. माने ऐकत नसत. हाताला कंप सुटला की बॅग खाली ठेवीत आणि म्हणत, "रिकामीनंच हात मोडला. आता हिच्यात माल भरू, का हिलाच डोक्यावर घिऊन हिंडू?"

सांगलीच्या पेठेतली सगळी दुकाने त्यांनी अशी पालथी घातली होती. एका दुकानदाराने शेवटी हात जोडून सांगितले, "हवालदार, तुम्हाला बॅग नको आहे. तुम्हाला नुसती मूठ पाहिजे." माने म्हणाले, "असंल तर दाव."

त्या काळात मी सांगलीतील हळदीच्या एका पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार पाहत असे. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आखातात तेलाचा पैसा नुकता खेळू लागला होता आणि आमच्या पेढीची हळद कुवेत, बहारीन, इराण अशा ठिकाणी जात असे. ती विकण्यासाठी पेढीतर्फे वर्षातून पाच-सहा वेळा विमानाने जाणारा माणूस म्हणजे माने. गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. महायुद्धाच्या वेळी पलटणीबरोबर इराकमध्ये बसऱ्याला होते. तिथे बाजारापुरती अरबी शिकले. हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या मालकांनी, अण्णासाहेबांनी, त्यांना गोदामावर देखरेखीला ठेवले आणि त्यांची अरबी कळल्यावर थेट पासपोर्ट काढून दिला. बायको गावी राही, मुलगा फौजेत. माने सांगलीत एका खोलीत एकटे राहत. त्या खोलीत एक खाट, एक कळशी आणि भिंतीवर एक खुंटी होती. खुंटीला ती बॅग.

बॅग अखेर दुकानात मिळाली नाहीच. साताऱ्यात लष्कराचे तंबू दुरुस्त करणारा एक म्हातारा शिंपी होता. त्याच्याकडून मान्यांनी जाड कॅनव्हासची शिवून घेतली. तळाला पुठ्ठा नाही, कडांना लोखंड नाही, कुलूप नाही. माप घेण्याची त्यांची रीत अशी: ते एस.टी. स्टँडवर गेले, उभ्या गाडीत चढले आणि बाकाखालची जागा दोरीने मोजून आले. एस.टी.च्या बाकाखाली जे जाते ते विमानाच्या सीटखाली गेलेच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा होता. तिच्या पहिल्याच प्रवासात बॅग निम्मी बाहेर राहिली. हवाईसुंदरी म्हणाली, ही मागे ठेवावी लागेल. माने म्हणाले, "बाई, माझे पाय मागं ठेवा. बॅग हितंच ऱ्हाईल." ते सबंध प्रवास पाय आखडून बसले. परत आल्यावर त्या शिंप्याकडून बॅग उसवून चार बोटे कमी केली, पण आपले माप चुकले होते असे कधी म्हणाले नाहीत. विमान चुकले होते.

बॅगेत दोन सदरे, एक विजार, दाढीचे सामान, एक पंचा आणि हळदीच्या नमुन्यांच्या लहान लहान कापडी थैल्या. बाकी सारे अंगावर. काळा लोकरी कोट उन्हाळ्यातही घालीत. आतून त्याला पोटाच्या दोन्ही अंगांना खिसे शिवले होते. बॅगेचे वजन करतात, माणसाचे करीत नाहीत, हे त्यांनी हेरले होते. कोटाच्या खिशात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचे तुकडे असत. हळदीच्या थैल्यांमुळे त्यांचे सदरे धुऊनही पिवळसर दिसत. हळद लागून आठवडा झालेला नवरदेव म्हणून पेढीवर त्यांची चेष्टा होई. त्यांना ती आवडत नसे.

"विमानात जे आपल्यासंगं बसतं ते आपलं," ते म्हणत. "विमानाच्या पोटात टाकलं ते विमानाचं. त्याला वाटलं तर दील."

याचे कारण होते. अगदी पहिल्या खेपेला पेढीने त्यांना मोठी पेटी दिली होती. ती भलत्याच गावी गेली. माने हॉटेलात नमुन्यांवाचून बसून राहिले आणि केरळच्या व्यापाऱ्याने ते गिऱ्हाईक उचलले. काही लोक दुसरेच कारण सांगत. कोयनेच्या भूकंपात मान्यांचे घर बसले होते; संसार मातीखालून उकरून काढलेल्या माणसाला सामानाचा वीट येणारच, असे त्यांचे म्हणणे. मान्यांनी स्वतः तसे कधी सांगितले नाही. माणसाच्या हट्टाला भूकंपाइतके मोठे कारण लागते असे मलाही वाटत नाही.

एवढी लहान बॅग निरुपद्रवी असेल असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते. त्या दिवसांत कुवेतहून येणारा मनुष्य टेपरेकॉर्डर, घड्याळे, साड्या, अत्तरे घेऊन येत असे. जो काहीच आणत नाही त्याचा मुंबईच्या कस्टमवाल्यांना अधिक संशय येई. एकदा तरुण अधिकाऱ्याने मान्यांना बाजूला घेतले. पुढचे संभाषण मला शब्दशः ठाऊक आहे, कारण त्याची इंग्रजी तक्रार मला लिहावी लागली.

"काय काय आणलं?"

"काय न्हाई."

"टेपरेकॉर्डर?"

"न्हाई."

"मग कुवेतला गेला होता कशाला?"

"हळद विकाय."

"रिकाम्या हातानं कोणी येतं का तिकडून?"

"हळद घिऊन गेलो, विकली, हात रिकामा झाला. तुमी शाळेत वजाबाकी शिकला न्हाई व्हय?"

अधिकाऱ्याने बॅगेचे अस्तर ब्लेडने उसवले. आत अस्तराचीच दुसरी बाजू निघाली. त्याने बॅग परत ढकलली आणि जा म्हणाला. माने हलले नाहीत. "उसवलं तुमी. शिवणार कोण?" मागे रांग खोळंबली, लोक ओरडू लागले, वरचा अधिकारी आला. माने टेबलाला टेकून उभे. शेवटी कोणीतरी सुई-दोरा आणून दिला. माने तिथेच खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सावकाश अस्तर शिवले. रांग थांबली ती थांबलीच. त्या तक्रारीला उत्तर आले नाही. येणार नाही हे मी त्यांना आधीच सांगितले होते. "तुमी लिवा," ते म्हणाले, "मला उत्तर नकोच हाय. त्यांनी वाचलं म्हंजे झालं."

लोकांच्या वस्तू ते नेत नसत आणि आणत नसत. सांगली-मिरजेची पुष्कळ पोरे तेव्हा आखातात फिटर, गवंडी म्हणून गेली होती. माने निघाले असे कळताच त्यांच्या आया डबे घेऊन पेढीच्या पायरीवर येऊन बसत. त्यांतली शेवंताबाई मला आठवते. तिचा मुलगा बाळू कुवेतला एका कारखान्यात फिटर होता.

"आवं हवालदार, लिंबाचं लोणचं हाय. एवढुशी बरणी."

"न्हाई."

"पोराच्या त्वांडाला चव न्हाई म्हणून लिवलंय त्यानं."

"मावशी, आज तुमची बरणी, उद्या शेजारणीचा लाडवाचा डबा, परवा मी हमाल. निरोप सांगा. निरोप कितीबी नेतो."

म्हातारी उठली. पदर खोचला. "निरोप व्हय? मग सांगा त्याला. म्हणावं, तुझ्या आईचं लोणचं ज्याला जड झालं, त्याच्या सावलीलाबी उभा ऱ्हाऊ नगंस."

पुढल्या खेपेला मान्यांनी बाळूचा तळ शोधून काढला. दुपारची सुट्टी होती. पाचपन्नास कामगारांच्या देखत ते बाळूपुढे उभे राहिले आणि त्यांनी निरोप जसाच्या तसा, म्हातारीच्या चढत्या सुरात सांगितला. बाळू आधी हसला. मग तोंड फिरवून नळावर गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याचा उलटा निरोप होता, लोणचं पाठव. मान्यांनी तोही म्हातारीला पोचवला. तिने आनंदाने पुन्हा बरणी आणली. माने म्हणाले, "न्हाई."

मी एकदा त्यांना म्हणालो, की एका बरणीने काही बिघडले नसते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कुलकर्णी, तुमी कागदावर काम करता. तुमाला एक वळ वाढली तर काय बिघडत न्हाई." मी पुन्हा तो विषय काढला नाही. मला तेव्हाही ते दुष्टपणाचे वाटले होते आणि आजही वाटते.

त्यांच्या कामाची रीत सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव पूर्वी तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकीत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगत. भोवती माणसे उभी असली तरी आकडा त्या दोन हातांपलीकडे जात नसे. मोडलेला सौदा तर कोणी कधीच बोलून दाखवीत नसे. कोणी किती देऊ केले होते आणि ते का नाकारले, हे तोंडाबाहेर काढणाऱ्याशी दुसऱ्या दिवसापासून कोणी व्यवहार करीत नसे. अण्णासाहेबांनीच मान्यांना ही विद्या शिकवली होती. कुवेतला जुने व्यापारी मोत्यांचे सौदे असेच करीत असत. त्यामुळे तिथे एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचे आणि मान्यांचे पहिल्याच भेटीत जमले. मान्यांनी पंचा काढला, म्हाताऱ्याने बाही सारली, आणि त्या वर्षापासून आमचा बराचसा माल त्याच्याकडे जाऊ लागला. पंचाखालच्या या सौद्यांचा मान्यांना फार अभिमान होता. पेढीवर आल्यावर ते अण्णासाहेबांना ठरलेला भाव तेवढा सांगत. अण्णासाहेब मान हलवीत. त्याहून अधिक कधी कोणी विचारले नाही.

मग सुभाषराव आले.

सुभाषराव अण्णासाहेबांचे पुतणे. पुण्याहून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलेले, हुशार, नीटनेटके, थोडे लवकर रागावणारे. अण्णासाहेबांना मूल नव्हते. पेढी पुढे सुभाषरावच चालवणार हे ठरलेले होते. त्यांनी एका हंगामात मान्यांबरोबर कुवेतला जावे असे निघाले. त्यासाठी त्यांनी एक मोठी निळी सूटकेस घेतली. ती उचलायला दोन माणसे लागत. तिच्यात तीन सूट होते असे ऐकले.

माने पेटीकडे बघत राहिले. "धाकटे मालक, मुक्काम का बिऱ्हाड?"

"परदेशात माणसाची पारख कपड्यांवरून होते, माने."

"व्हय. म्हणून तर मला कोण विचारत न्हाई."

"तुमच्यासारखं पिवळं होऊन हिंडायचे दिवस गेले," सुभाषराव म्हणाले. पेढीवरचे लोक हसले. माने हसले नाहीत.

"एक सांगतो," ते म्हणाले. "विमानतळावर मी पेटीसाठी थांबत न्हाई."

सुभाषरावांना ती थट्टा वाटली. ती नव्हती. कुवेतला उतरल्यावर माने बॅग उचलून चालते झाले. सुभाषराव पेटीची वाट पाहत उभे राहिले. पेटी लवकर आली नाही. ती हातात पडेपर्यंत दुपार टळली. बाहेर येऊन पाहतात तर माने नाहीत. ना भाषा येत होती, ना उतरण्याच्या जागेचा पत्ता जवळ होता. संध्याकाळी कसेबसे चौकशी करीत ते मुक्कामी पोचले तेव्हा माने खाटेवर बसून भाकरी खात होते. सौदा झाला होता. माल म्हाताऱ्या व्यापाऱ्याला दिला होता.

सांगलीला परत आल्यावर मान्यांनी हे सर्वांदेखत सांगितले. कमी बोलणाऱ्या माणसाने त्या दिवशी फार बोलून घेतले. "पेटीच्या पाया पडत हुते धाकटे मालक. ती काय परसन्न हुईना." हमालसुद्धा हसले. सुभाषराव कोपऱ्यात उभे होते. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. एवढ्या वर्षांच्या फौजेतल्या माणसाला हे कळायला हवे होते, की मालकाच्या घरच्या माणसाला हमालांदेखत हसायचे नसते. मान्यांना ते कळले नाही, किंवा कळून आवरले नाही.

सुभाषराव कुवेतला रिकामे बसले नव्हते. माने झोपत तेव्हा ते बाहेर हिंडले होते. तिथे त्यांना एक तरुण व्यापारी भेटला होता. तो इंग्रजी बोलत असे आणि वातानुकूलित कचेरीत बसत असे. त्याने सांगितले, तुमचा माणूस त्या दिवशी आधी माझ्याकडे आला होता. मी त्या म्हाताऱ्यापेक्षा चांगला भाव देत होतो. त्याने हात काढून घेतला आणि निघून गेला. सुभाषरावांनी ही गोष्ट काकांना सांगितली.

अण्णासाहेबांनी मान्यांना आतल्या खोलीत बोलावले. मी तिथे पत्रे घेऊन उभा होतो. मला बाहेर जा असे कोणी सांगितले नाही.

"माने, तो दुसरा जास्त देत होता हे खरं?"

"खरं."

"मग कमी भावात माल का दिलात?"

"जो सौदा झाला त्यो तुमच्या म्होरं हाय. जो मोडला त्यो मोडला."

"कारण सांगा."

"मालक, मोडल्या सौद्याचं बोलाय लावू नगा. तुमीच शिकवलंय."

सुभाषराव म्हणाले, "पंचाखाली आकड्याशिवाय दुसरंही काही हातात पडतं."

मान्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती ताठच होती. मग ते म्हणाले, "धाकटे मालक, संगट असता तर डोळ्यांनी बघितलं असतंत."

"संगट? मला विमानतळावर टाकून गेलात तुम्ही!"

"पेटीनं टाकलं तुमाला."

"पुरे," अण्णासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माने, तुमच्या बाजूनं पाहणारा एक तरी माणूस तिथं होता?"

"न्हाई."

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

"आजवर कशावर ठिवला?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आजवर मला विचारणारं कोणी नव्हतं," ते म्हणाले.

हे उत्तर मी आयुष्यात विसरलो नाही. त्यात त्या माणसाचा सारा दुबळेपणा होता आणि सारा खरेपणाही. त्यांचा मान्यांवर विश्वास होता असे मला आजही वाटते. पण तो पुतण्याला दाखवण्याजोगा विश्वास नव्हता. जो माणूस साक्षीदार ठरला असता, त्याला मान्यांनी स्वतःच्या हट्टापायी पेटीपाशी उभे केले होते. पेटी मिळेपर्यंत माने थांबले असते, तर निंदेला जागाच उरली नसती.

मान्यांना पुन्हा गोदामावर नेमण्यात आले. त्यांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला, गोदामाची किल्ली उचलली नाही आणि बाहेर पडले. पेठेत बातमी फुटली. माने पंचाखाली दलाली खात होते, असे जो तो सांगू लागला. ज्यांच्या दुकानात त्यांनी हात ताणून बॅगा तोलल्या होत्या तेही म्हणू लागले, एवढीच बॅग कशाला लागते ते आता कळले. नोटांना काय जागा लागते? शेवंताबाई तेवढी म्हणाली, "त्यो? लोणचं नेलं न्हाई मुडद्यानं, पैसं कुठलं नेतोय!" तिचे कोणी मनावर घेतले नाही. माने गावी निघून गेले.

पुढल्या वर्षी कुवेतचा तो तरुण व्यापारी बुडाला. सांगलीच्या दोन पेढ्यांनी चांगला भाव पाहून त्याला माल दिला होता. त्यांच्या हाती काही लागले नाही. त्यांतली एक पेढी त्यातून उठलीच नाही. म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडचे आमचे पैसे मात्र नेहमीप्रमाणे आले होते.

बातमीचे पत्र मीच अण्णासाहेबांना वाचून दाखवले. "माने बरोबर होता," ते म्हणाले.

सुभाषराव समोर होते. "बरोबर असतील. पण अंदाजावर पेढी चालत नाही." त्यांनी तोवर बँकेची हमी असल्याखेरीज माल हलवायचा नाही असा नियम केला होता. हेही नोंदवले पाहिजे, की त्यांचा नियम चांगला होता. त्या नियमावर पेढी पुढे वाढली. मान्यांवाचून तिचे काही अडले नाही.

दोन दिवसांनी अण्णासाहेबांनी मला एकट्याला बोलावले. "पाटणला जाऊन या. मान्यांना सांगा, आम्हाला कळलं. पेढीच्या मनात काही राहिलेलं नाही."

"पत्र देऊ का?"

"पत्र नको." ते थांबले. "आणि परत या म्हणू नका. सुभाषला ते आवडायचं नाही."

पाटणहून पुढे कोयनेच्या रस्त्याने एक गाडी जाई. तिथून अर्धा डोंगर पायी. मान्यांचे घर पत्र्याचे, भूकंपानंतर नव्याने उभे केलेले. ते अंगणात नांगराचा फाळ घासत बसले होते. वर्षभरात माणूस सुकला होता. सदरा मात्र आता स्वच्छ पांढरा होता. त्यांनी मला पाहून आश्चर्य दाखवले नाही. आतून त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. मी बोलायला तोंड उघडताच माने उठले. "चला, तुमाला रान दावतो," म्हणाले आणि मला घराच्या मागे खळ्यावर घेऊन गेले.

तिथे मी निरोप सांगितला. तो व्यापारी बुडाला हेही सांगितले.

"बुडणारच हुता," ते म्हणाले.

"तुम्हाला कसे कळले?"

"मी बोट दाबलं, त्यानं लगीच हो म्हनलं. घासाघीस न्हाई, काय न्हाई. ज्याला पैसं द्याचं असत्यात त्यो भांडतो, कुलकर्णी. ज्याला द्याचंच न्हाईत त्यो कशाला भांडंल?"

"मग हे त्या दिवशी सांगायचे होते."

"कुणाम्होरं? धाकट्या मालकाम्होरं? सांजच्याला पेठेत झालं असतं, आन आठ दिसांत कुवेतला. त्यो उभा हुता तवर कदाचित सावरलाबी असता. माझ्या त्वांडानं बुडवू व्हय त्याला?"

"बुडालाच की."

"माझ्या त्वांडानं न्हाई."

खाली नदीच्या अंगाला कोणीतरी बैलांना ओरडत होते. माने ते ऐकत उभे होते. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "मालकांनी आनि काय सांगितलं?"

"एवढेच," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. पुन्हा काही वेळाने म्हणाले, "बरं."

परत अंगणात आलो तेव्हा चहा झाला होता. वहिनींनी कप माझ्या हातात दिला आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना बोलायचे होते हे दिसत होते.

"भावजी, एक काम करा. मालकांस्नी सांगा, मनात राग धरू नगा म्हणावं. ह्यांनी अशी एकाएकी नोकरी सोडली, ते आमालाबी बरं वाटलं न्हाई. मालकांनी लय इनवण्या केल्या म्हनं, धाकटे मालक तर पायाला हात लावाय आलं म्हनं, पर ह्यांचा सोभावच आडमुठा. एकदा न्हाई म्हनलं की न्हाई. तुमी एवढ्या लांब बोलवाय आलाय, आन ह्यांनी तुमालाबी न्हाईच म्हनलं असंल."

मी मान्यांकडे पाहिले. ते बशीत चहा ओतत होते. त्यांनी वर पाहिले नाही. बशी ओठाला लावली, पण चहा प्यायले नाहीत.

त्या गावात मान्यांवर कसला आळ आला होता हे कोणाला ठाऊकच नव्हते. मी जो आळ उतरवायला आलो होतो तो तिथे सांगणे म्हणजे तो प्रथमच घालणे होते.

"सांगतो," मी म्हणालो.

माने मला गाडीपर्यंत पोचवायला आले. वाटेत बोलले नाहीत. फाट्यावर गावचे दोघे-चौघे कोयनेकडच्या गाडीची वाट पाहत बसले होते. माझी गाडी आली, मी चढलो आणि खिडकीशी बसलो. खालचा एक म्हातारा मान्यांना विचारत होता, "कोण रं पावणं, सर्जेराव?"

"सांगलीच्या पेढीचं," माने म्हणाले. त्यांचा आवाज मोठा होता. पेढीवर इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना ऐकले नव्हते. "मालकांनी परत बोलवाय धाडल्यात. मी म्हनलं, आता न्हाई जमायचं."

म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "व्हय वं, पावणं?"

माने माझ्याकडे पाहत नव्हते. ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, जिकडून काहीही येत नव्हते तिकडे, बघत उभे होते.

"होय," मी म्हणालो. "ऐकतच नाहीत." आणि गाडी सुटली.